चार नंबरच्या टेबलामागची जागा

अन्नछाया भोजनालयात चार नंबरच्या टेबलावर बसलेले टिकेकर अकरा वर्षं जेवत होते, आणि त्यांचं झालं की बसायचं म्हणून खुर्चीमागे उभे असलेले शिवशरण बिराजदार उभं राहण्याच्या नवव्या वर्षी वारले.

वारले ते रविवारी, भोजनालयाला सुट्टी असताना. त्यामुळे खाडा पडला नाही. सोमवारी मालक रेवणअण्णा म्हेत्रे स्वतः बिराजदारांच्या घरी आले आणि सतरंजीवर पाऊण तास बसले. उठताना त्यांनी खिशातून एक अर्ज काढून महानंदाबाईंच्या पुढ्यात ठेवला. जागा पत्नीच्या नावे करून घ्यावी, असा तो अर्ज होता. अकराव्या दिवसापर्यंत आपण फरशीवर रुमाल टाकून जागा धरू, त्यापुढे लोक ऐकणार नाहीत, असं ते म्हणाले. महानंदाबाईंनी सही केली. त्या आठवड्यात त्यांनी बऱ्याच कागदांवर सह्या केल्या होत्या.

सोलापुरात स्वस्तात जेवायला जागा काही कमी नाहीत. पण अन्नछायेतली पोटभर थाळी ही वेगळी गोष्ट होती. रेवणअण्णांच्या वडिलांच्या काळात तिथं टेबलं नव्हती, पाटावरच्या पंगती बसत. त्यांनी भिंतीवर तेलरंगात तीन नियम लिहून घेतले होते. पोटभर थाळी घेणाऱ्याची वाटी रिकामी राहू देऊ नये. ताटात काही टाकू नये. पंगतीबरोबर उठावे. पुढे रेवणअण्णांनी टेबलं आणली आणि राइस प्लेट सुरू केली. राइस प्लेटवाल्याला नियम नाहीत. त्यानं केव्हाही यावं, केव्हाही जावं. पोटभर थाळी तेवढी वडिलांची आठवण म्हणून एका टेबलावर ठेवली. अकरा वर्षांपूर्वी टाइपरायटर दुरुस्त करणारे टिकेकर साठ रुपयांचं कुपन घेऊन त्या टेबलावर बसले.

तिथून पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. वाटी रिकामी झाली की वाढपी यल्लप्पा ती भरे. भरलेली वाटी टाकता येत नसे, म्हणून टिकेकर ती संपवत. संपली की यल्लप्पा येई. अधेमधे उठावं म्हटलं तर कुणाबरोबर उठणार? पंगतच नव्हती. रात्री त्यांचं ताट जाळीखाली झाकून ठेवत आणि ते टेबलावर डोकं टेकून झोपत. बहीण दर शनिवारी धुतलेले सदरे आणून देई. ते इतकं चावून खात की अकरा वर्षांत त्यांचं वजन चार किलोनं उतरलं होतं. धंद्याचं नुकसान म्हणावं तर टाइपरायटरच बंद पडले होते. एका स्थानिक वर्तमानपत्रानं शहरातलं सगळ्यात परवडणारं जेवण म्हणून त्यांचा फोटो छापला, तो गल्ल्यामागे लावलेला होता.

दुपारी तीनला शेवटचं गिऱ्हाईक गेलं की पंगत उठली असं का धरू नये, हा मुद्दा सुरुवातीच्या काळात निघाला होता. रेवणअण्णांनी तो एका वाक्यात निकालात काढला. एकेक करून जाणं म्हणजे पंगत उठणं नव्हे, ती गळती.

अकराव्या दिवशी महानंदाबाई भोजनालयात गेल्या. रुमाल उचलून त्यांनी घडी केला आणि रेवणअण्णांना परत दिला. खुर्चीमागच्या शहाबादी फरशीवर दोन पावलांचे खळगे पडले होते. बिराजदार पाणीपुरवठा खात्यात कारकून होते; रोज जेवणाच्या सुट्टीत ते इथं उभे राहत आणि घरून नेलेली भाकरी नंतर कचेरीत जाऊन खात. महानंदाबाईंनी चपला काढल्या आणि त्या खळग्यांत उभ्या राहिल्या. त्यांची पावलं लहान होती. सगळीकडून बोटभर जागा उरली.

टिकेकरांनी मान मागे वळवून नमस्कार केला. उजवा हात खरकटा असल्यानं तो नुसता मान लववून केलेला नमस्कार होता.

"वहिनी, मला फार ओशाळल्यासारखं होतं," ते म्हणाले. "मी काही मुद्दाम बसलेलो नाही."

महानंदाबाई म्हणाल्या की ते त्यांना ठाऊक आहे, त्यांनी सावकाश जेवावं. यल्लप्पा आमटी वाढून गेला. टिकेकरांनी आमटीकडे पाहतच सांगितलं की नऊ वर्षांत बिराजदारांनी त्यांना महानंदाबाईंच्या शेंगाचटणीची कृती तीनशे वेळा तरी ऐकवली असेल. आणि बसायला मिळालं की आपण बसायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं होतं.

"मग?"

"तुम्हाला बसवायचं आणि मागं उभं राहायचं. म्हणायचे, ही बाई सगळ्यांना वाढते आणि शेवटी गार झालेलं खाते. हिची वाटी कुणीतरी भरत राहिलं पाहिजे. तुम्हाला बोलले नव्हते?"

बोलले नव्हते. बिराजदार हातात आल्याशिवाय गोष्ट सांगणाऱ्यांतले नव्हते. महानंदाबाई त्या दिवशी तीन वाजेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी बाराला पाच कमी असताना परत आल्या.

महिनाभरानं रेवणअण्णांनी गल्ल्यावरून जाहीर केलं की अक्षय्य तृतीयेला भोजनालयाचा एसी हॉल होणार. त्यानंतर खुर्च्यांमागे उभं राहण्याची पद्धत बंद. बाहेर बाकडी टाकतील, टोकन देतील, जुने नंबर सगळे रद्द.

महानंदाबाईंनी विचारलं की बसलेल्यांचं काय. रेवणअण्णा म्हणाले, बसलेले ते बसलेले. त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही. उभे असलेल्यांचं मात्र आपण काही सांगू शकत नाही. अक्षय्य तृतीयेला एकोणीस दिवस होते. टिकेकर त्या दिवशी नेहमीपेक्षा भराभर जेवले, पण त्यानं यल्लप्पाच्या खेपा तेवढ्या वाढल्या.

महानंदाबाई घरी गेल्या आणि त्यांनी रात्रीचा स्वयंपाक केला नाही. त्या विचार करत होत्या. माहेरी, सासरी, दिराच्या मुलींच्या लग्नांत, जत्रेच्या महाप्रसादाला त्यांनी आयुष्यभर पंगती वाढल्या होत्या. अन्नछायेत अकरा वर्षं सगळ्यांनी भिंतीवरचा तिसरा नियम वाचला होता आणि पंगत नाही म्हणून सोडून दिला होता. पंगत नसली तर ती बसवतात, हे बसवणाऱ्यांनाच माहीत असतं. जेवणाऱ्यांना ती आपोआप आल्यासारखी वाटते.

सकाळी त्यांनी यल्लप्पाला विचारलं की वाटी रिकामी दिसल्यापासून भरेपर्यंत किती वेळ जातो. यल्लप्पानं आत जाऊन, आमटीत पळी बुडवून, परत येऊन दाखवलं. महानंदाबाईंनी मनात आकडे मोजले. बारा झाले.

"अजून जोरात येतो की मावशी, गरज पडली तर," यल्लप्पा म्हणाला.

"नको," त्या म्हणाल्या. "रोजच्यासारखंच ये."

मग त्या गल्ल्यापाशी गेल्या आणि रेवणअण्णांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. एकेक करून जाणं ही गळती. मग सगळे एकदम बसले आणि एकदम उठले तर तिला काय म्हणायचं? रेवणअण्णांनी वडिलांच्या तसबिरीकडे पाहिलं. दोन गिऱ्हाइकांचे पैसे घेतले. पुन्हा तसबिरीकडे पाहिलं.

"पंगत म्हणावं लागेल," ते म्हणाले.

पण त्यांनी अटी घातल्या आणि त्या कुपनाच्या पाठीवर लिहून दिल्या. हॉलमधल्या चव्वेचाळीस खुर्च्या एकाच वेळी भरल्या पाहिजेत. कुणाच्याही ताटात शीत राहता कामा नये. आणि एक जरी माणूस बसून राहिला तरी पंगत बाद, व महानंदाबाईंचा नंबरही बाद; कारण भरल्या हॉटेलात लोकांना उठवायचा खेळ रोज रोज करता येणार नाही. महानंदाबाईंनी कुपन वाचलं आणि पिशवीत ठेवलं. दिवस गुरुवारचा ठरला.

टिकेकर धरून त्रेचाळीस माणसं चार दिवसांत तयार झाली. वसतिगृहातल्या मुली, एसटीचे दोन कंडक्टर, कापड दुकानांतले सेल्समन, सगळ्यांचा चार नंबरच्या टेबलावर काही ना काही जीव होता. कुणी बिराजदारांना रोज रामराम करत असे, कुणाची टिकेकरांवर पैज लागलेली होती. राहिले एकटे नाडगौडा मास्तर. हे निवृत्त भूमिती शिक्षक, रोज खिडकीजवळ बसत आणि एका राइस प्लेटला पन्नास मिनिटं लावत. महानंदाबाई त्यांच्याकडे दोनदा गेल्या. मास्तरांनी दोन्ही वेळा सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की ते बाराला येऊन बसतील, त्याला हरकत नाही. पण आपण आजवर कुणाच्या सांगण्यावरून बसलो असू, उठलेलो नाही.

गुरुवारी सकाळी टेबलं सरकवून दोन लांब रांगा केल्या. बाराच्या ठोक्याला चव्वेचाळीस माणसं बसली. टिकेकर बसलेले होतेच, पण तेही सगळ्यांबरोबर क्षणभर अर्धवट उठून पुन्हा टेकले, म्हणजे नंतर वाद नको. यल्लप्पानं आणि दुसऱ्या दोघांनी वाढप केलं. महानंदाबाई खळग्यांत उभ्या राहून सगळ्या ताटांवर नजर ठेवून होत्या. कुठं पोळी हवी, कुठं मीठ पोचलं नाही, हे त्यांना न बघता कळत होतं. पण आज त्यांना जागेवरून हलायचं नव्हतं, आणि ते कठीण होतं.

बारा पस्तीसला बेचाळीस ताटं स्वच्छ झाली. लोक हात ताटावर धरून बसले. बोटांवरचं वरण वाळायला लागलं. टिकेकरांनी शेवटचा घास वाटीत धरून ठेवला होता. आमटीचा तळ दिसू न देता ते बोट फिरवत होते. खिडकीजवळ मास्तरांचा ताकभात चालला होता. ते एकेक शीत वेगळं करून, पाहून, मग खात होते.

बारा पन्नासला त्यांचं ताट स्वच्छ झालं. हॉलनं श्वास घेतला. मास्तरांनी हात वर केला आणि अर्धी पोळी मागितली.

एक कंडक्टर समोरच्या ताटाकडे बघत म्हणाला, "मास्तर, भूमितीतसुद्धा कधीतरी उत्तर येतं हो."

"सिद्धता लागते," मास्तर म्हणाले. "उत्तर काय, कुणीही सांगतं."

अर्धी पोळी आली. आता तिच्याबरोबर लावायला काही नव्हतं, म्हणून चटणी आली. महानंदाबाईंना घाम फुटला होता, पण त्यांनी मास्तरांना घाई केली नाही. जेवणाऱ्याला घाई करायची नसते. वाढणाऱ्या हातांना एवढं कळतं. उलट त्यांनी तिथूनच मास्तरांना विचारलं की चटणीवर दही हवं का, कोरडी लागेल.

मास्तरांचा घास हातातच थांबला. गेली सहा वर्षं ते एकटे जेवत होते, आणि हा प्रश्न त्यांना तेवढ्या काळात कुणी विचारला नव्हता. नको म्हणाले. उरलेली पोळी त्यांनी दोन घासांत संपवली, बोटं चाटली, ताट एकदा डोळ्यांसमोर धरून तपासलं आणि खाली ठेवलं.

"तुम्ही सांगता म्हणून नाही," ते म्हणाले. "माझं झालंय म्हणून."

महानंदाबाईंनी टिकेकरांच्या पाठीकडे पाहून मान हलवली. टिकेकरांना ती दिसली नाही, पण कळली. त्यांनी वाटी संपवली. यल्लप्पा नेहमीच्या चालीनं आत गेला. पळी बुडाल्याचा आवाज आला.

"उठा," महानंदाबाई म्हणाल्या.

त्रेचाळीस खुर्च्या एकदम मागे सरकल्या. फरशी किंचाळली. टिकेकर मात्र अर्ध्यातच अडकले. अकरा वर्षांत उठताना आधी कुठला पाय घ्यायचा हे ते विसरले होते. महानंदाबाईंना त्यांना हात लावता येत नव्हता, मागच्यानं पुढच्याला हात लावायचा नाही अशी रीत होती. सात झाले, आठ झाले. यल्लप्पा भरलेली पळी घेऊन दारातून निघाला. तेव्हा खिडकीजवळून नाडगौडा मास्तर, वय त्र्याहत्तर, दोन टेबलांच्या मधून तिरपे आले. सगळ्यात कमी अंतर तेच होतं. त्यांनी टिकेकरांच्या काखेत डावा हात घातला आणि वर ओढलं.

टिकेकर उभे राहिले. ते सगळ्यांच्या अंदाजापेक्षा बरेच उंच निघाले.

यल्लप्पा टेबलापाशी पोचला. वाटी रिकामी होती आणि खुर्चीही. पळी हवेत धरून त्यानं गल्ल्याकडे पाहिलं. रेवणअण्णा उठून उभे राहिले होते, आपण कधी उठलो हे त्यांनाही आठवलं नसतं. त्यांनी चव्वेचाळीस ताटांवरून सावकाश नजर फिरवली.

"पंगत उठली," ते म्हणाले.

उजवे हात खरकटे असल्यानं कुणाला टाळ्या वाजवता येईनात. म्हणून लोकांनी डाव्या हातांनी टेबलं बडवली. ती इतकी बडवली की शेजारच्या सायकलवाल्यानं दुकान सोडून आत डोकावलं, आणि कारण कळल्यावर त्यानंही एक टेबल बडवलं. टिकेकर बेसिनपाशी गेले आणि हात धूत राहिले. नळ बंद करायला त्यांना कुणी सांगितलं नाही. नंतर ते बाहेर पडले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि बहिणीच्या घराकडे चालू लागले. नाडगौडा मास्तर कोपऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर होते.

महानंदाबाई खुर्चीत बसल्या. खुर्ची उबदार होती. यल्लप्पानं टेबल पुसलं, नवं ताट मांडलं, डावीकडे मीठ, लिंबू, शेंगाचटणी, उजवीकडे वांग्याची भाजी, दोन वाट्या, वर कडक भाकरी. आमटी गरम होती. इतकी गरम आमटी त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या ताटात पाहिली होती. त्यांनी भाकरी मोडली, बुडवली आणि पहिला घास घेतला. चटणीत लसूण कमी होता, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

वाटी रिकामी झाली. यल्लप्पानं विचारायचं कारण नव्हतं, नियम होता. तरी तो पळी घेऊन वाकला आणि त्यानं विचारलं.

"वाढ," महानंदाबाई म्हणाल्या. "भरपूर वाढ."

अक्षय्य तृतीयेला एसी हॉल झाला. भिंती काचेच्या आहेत, बाहेर बाकडी आहेत, टोकन मिळतं. चार नंबरचं टेबल होतं तिथंच आहे. नाडगौडा मास्तर शेजारच्या टेबलावर बसतात आणि अलीकडे त्यांच्या जेवणाला सव्वा तास लागतो, कारण ते बोलतात. महानंदाबाईंना कुणी विचारलंच तर त्या सांगतात की पंगत कशी उठवायची ते आपल्याला माहीत आहे, चव्वेचाळीस माणसं केव्हाही जमतील. सध्या त्या जेवत आहेत.