वीस मिनिटांचे आप्पा

आमच्या आप्पांना तुम्ही "चहा घेणार का?" असं विचारलंत, तर उत्तर वीस मिनिटांनी मिळतं. बहिरे नाहीत हो! मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरवरचे वायरलेस सेट दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. समुद्रावरच्या खरखरीतून बोटीच्या तांडेलाचा निरोप कुठला आणि शिवी कुठली, हे ओळखणारे कान आहेत ते. तुमचा प्रश्न त्यांना नीट पोचतो. मग आप्पा डाव्या हाताचा पंजा पोलिसासारखा वर करतात, शेजारच्या खुर्चीवरच्या गजराच्या घड्याळाला चावी देतात आणि म्हणतात, "सिग्नल वाटेत आहे." पुढची वीस मिनिटं अळीमिळी गुपचिळी. मी माझा चहा पितो, कप विसळतो, पेपरातलं माझं भविष्य वाचतो, बायकोचंही वाचतो, आणि मग ते घड्याळ केकाटतं.

"घेईन. अर्धा कप. आलं घालून. ओव्हर."

आता दूध संपलेलं असतं, पण ते त्यांना सांगायचं म्हणजे आणखी वीस मिनिटं गेली.

हे सगळं मंगळामुळे. माणूस उद्या मंगळावर कायमचा राहायला गेला, तर पृथ्वीवर बोलायची केवढी पंचाईत, हे आप्पांनी कुठल्याशा मासिकात वाचलं. दोन्ही ग्रह लांब गेले की निरोप पोचायलाच वीस मिनिटं. "समज, तू तिकडे पोचलास," आप्पा मला म्हणाले, "आणि तुला आठवलं, की अरे, घरचा गॅस बंद केला का? वीस मिनिटं प्रश्न येणार, वीस मिनिटं उत्तर जाणार. तोवर इकडे घराची राख. त्याची सवय आत्तापासून नको, कंडक्टर?"

कंडक्टर म्हणजे मी. तीस वर्षं गाडीत घंटी ओढली, आता रिटायर होऊन आप्पांच्या शेजारी राहतो. दोन्ही घरांच्या मध्ये फक्त जांभ्याचा कमरेएवढा गडगा. माझा धंदाच घाईचा होता. उतारूने नुसतं 'पा' म्हटलं की मी पावस गावचं तिकीट फाडलेलं असायचं. एकदा एक म्हातारी बिचारी पाणी मागत होती, तिलाही मी पावसला नेऊन सोडली. अशा माणसाच्या नशिबी असला शेजारी! देव कोणाला काय देईल सांगता येत नाही.

"पण आप्पा, माणूस मंगळावर राहायला तयार आहे का हो?" हा प्रश्न कोणी विचारला की त्यांची कळी खुलते. ह्या एका प्रश्नाला घड्याळ लावत नाहीत.

"जमिनीचं म्हणशील तर मंगळ म्हणजे आपला डोंगरमाथ्यावरचा सडा! तसाच लाल, तसाच रखरखीत, गवताची काडी नाही. आणि आपल्या लोकांनी तिथे काय केलं? सुरुंग लावून कातळ फोडला, खड्ड्यात बाहेरून माती आणून टाकली, डोक्यावरून पाणी वाहिलं आणि हापूसची कलमं उभी केली. ज्याने कातळात आंबा लावला, त्याला मंगळ कसला जड? हवेचं काहीतरी यंत्र करतील. पाणी खणून काढतील."

"म्हणजे तयार आहे म्हणा की!"

"छट्! साफ नापास. माणसाला थांबायला कुठे येतंय? आत्ता तूच माझं वाक्य पुरं होऊ दिलंस का? अर्ज नामंजूर!"

हे 'अर्ज नामंजूर' म्हणजे त्यांचं ठेवणीतलं अस्त्र. मंगळावर जाण्यासाठी वाडीतल्या कोणीही अर्ज करावा. परीक्षा एकच. आप्पा बोलत असताना किंवा उत्तराचा सिग्नल वाटेत असताना मध्ये तोंड उघडायचं नाही. तात्या गुरवांनी विचारलं, "मंगळावर मासळी मिळंल काय?" पंजा वर झाला. अर्ध्या मिनिटात तात्या म्हणाले, "नाय, सुकी असली तरी चालंल." नामंजूर! माझा अर्ज किती वेळा फेटाळला त्याची मोजदाद नाही. आधी आम्ही हसायचो. मग का कोण जाणे, चुरस लागली. संध्याकाळी आप्पांच्या पडवीत माणसं ओठ मिटून, डोळे वटारून बसायची. वाटेने जाणाऱ्याला वाटावं, आत कोणाचा तरी दहावा चाललाय.

सगळ्यात हुशार निघाली शेवंती. ही मिरकरवाड्याहून मासळीची पाटी घेऊन येते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "आप्पा, बांगडं घेताव?" आणि पंजा बघून ती भडकली. "मेल्या मुडद्या, माजा बरफ इतळतोय!" असं म्हणून तरातरा निघून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र आप्पांच्या फाटकापाशी थांबून तिने प्रश्न टाकला, खालच्या अंगाच्या चार घरांना मासळी दिली, मांजरांना हाकललं, माझ्या बायकोपाशी आपल्या सुनेच्या कागाळ्या केल्या आणि घड्याळ वाजायच्या ठोक्याला परत हजर!

"सहा दे. डोकी काढून. ओव्हर."

"अर्ज मंजूर!" आप्पा ओरडले. अख्ख्या वाडीत मंगळाला लायक माणूस एकच, शेवंती. ती अजून त्या तोऱ्यात चालते.

हे सगळं गमतीचं होतं, नाही असं नाही. पण मला मनातून राग यायचा. कारण आत सुमावहिनी होत्या.

सुमावहिनी म्हणजे आप्पांची बायको. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे सुधारले, पण बोलणं अडकलं. शब्द असतो आत, ओठांपर्यंत यायला वेळ लागतो. आणि ही बाई पूर्वी काय बोलायची म्हणून सांगू! जीभ म्हणजे विळी. आप्पांना ती दिवसातून दहा वेळा टोमणे मारायची आणि आप्पा ते पंगतीत वाढल्यासारखे खाली मान घालून घ्यायचे. तीच बाई आजारपणानंतर पडवीत येईनाशी झाली. आली तर आम्ही काय करायचो? एकदा गडग्याशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "आज..." आणि थांबल्या. मी लागलीच, "आज सोमवार? आज नळाला पाणी आलं नाही? आज बाजारात जायचंय?" असं तिकिटं फाडल्यासारखे शब्द पुढे केले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि आत गेल्या. मला वाटलं, मी मदत केली.

तर बायकोची ही अवस्था आणि नवरा मंगळावर! एक दिवस त्यांच्या लेकीचा, सुलभाचा, डोंबिवलीहून मला फोन आला. "काका, आई फोनवर चकार शब्द बोलत नाही. बाबा लक्ष देतात ना तिच्याकडे?"

माझी जीभ सुटली. घड्याळ, पंजा, अर्ज, सगळं सांगितलं. वर म्हटलं, "तुझे बाबा मनाने केव्हाच पृथ्वी सोडून गेलेत बाई!" स्वतःच्याच वाक्यावर मी खूश झालो. पलीकडे ती रडत होती.

"रविवारी येते," ती म्हणाली. "आईला घेऊनच जाते. कायमची."

फोन ठेवला. आगलावेपणा म्हणतात तो हाच. आप्पांना सांगायला मी गडगा ओलांडला, तर अंगणातच पाय थांबले.

पडवीत वहिनी खुर्चीवर बसल्या होत्या. समोर शेवंती, डोक्यावर पाटी तशीच. तिने विचारलं होतं, "वैनी, कोलंबी ठेवू?" आणि ती उभी होती. गप्प. तोंडातून 'हूं' की 'चूं' नाही. पाटीतलं पाणी तिच्या मानेवरून ओघळत होतं, ते पुसायलाही हात उचलला नाही. वहिनींचे ओठ हलले, थांबले, परत हलले. कोपऱ्यात तात्या होते, तेही गप्प.

"सोलून... दे," वहिनी म्हणाल्या. "काल... कचरा... होता."

"कचरा? माज्या कोलंबीत?" शेवंती अशी काही खवळली की विचारू नका. आणि वहिनी हसल्या. मी त्यांना दीड वर्षात हसताना बघितलं नव्हतं.

आप्पा मला घेऊन विहिरीकडे गेले. त्या दिवशी त्यांनी घड्याळ बरोबर घेतलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल. फक्त तिला वेळ द्या, शब्द तोंडात घालू नका," आप्पा म्हणाले. "आता हे मी वाडीत कसं सांगू? 'माझ्या बायकोशी जरा सबुरीने बोला हो,' असं? मग सगळे माना तिरक्या करून, डोळ्यांत पाणी आणून बसले असते तिच्यासमोर. तिला कीव केलेली खपत नाही रे. ती जीव देईल. म्हणून म्हटलं, आपण मंगळावर जाऊ. मला वेडा म्हणतील. म्हणोत! पण थांबायला तरी शिकतील."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रविवारचं सांगितलं. आप्पा रागावले नाहीत. विहिरीच्या काठावर बसले. "नेईल ती," ते म्हणाले. "लेक आहे. तिचाही हक्क आहेच ना. पण तिकडे ही चाळीतल्या खोलीत बसून राहील रे, भिंतीकडे बघत. आणि मी इथे काय करू?"

रविवारी सुलभा आली ती पिशव्या भरायलाच लागली. आमच्याकडे पद्धत अशी, की मोठं काही घडायचं असलं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. तात्यांनी एकेक तुकडा म्हणायचा आणि बाकीच्यांनी प्रत्येक तुकड्याला 'व्हय महाराजा' करायचं. सगळी वाडी पडवीत जमली. तात्यांनी डोळे मिटले.

"बा गावदेवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"लेक आयशीला न्येवक आलेली हाय, तिच्या मनात काय वाकडा नाय!"

"व्हय महाराजा!"

"आयशीच्या मनात जा काय आसंल, ता तिच्या तोंडातना येऊ दे!"

"व्हय महाराजा!"

"आनि आप्पाचा ता मंगळाचा खूळ, येक तर पुरा कर, नायतर काडून टाक!"

"व्हय महाराजा!" हा सगळ्यात मोठ्याने झाला. सुलभाही हसली. मग आईसमोर गुडघे टेकून बसली. "आई, येतेस ना माझ्याबरोबर?"

वहिनींनी लेकीकडे बघितलं. ओठ हलले. थांबले. सुलभाला ते बघवेना. "बघा बाबा, तिला बोलता पण—"

वाडीतले सगळे पंजे एकदम वर झाले. पंचवीसएक माणसं, पोरीबाळी, म्हाताऱ्या, सगळ्यांचे. शेवंती दाबल्या आवाजात म्हणाली, "गप ऱ्हा गो! सिग्नल वाटंत हाय."

सुलभा तोंड उघडं ठेवून बघत राहिली. कोणी खोकलं नाही. माझ्या घशात दहा शब्द येऊन उभे होते, मी त्यांना बाहेर सोडलं नाही. आप्पा खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचा पंजा तेवढा खाली होता.

"ह्यांना..." वहिनी म्हणाल्या.

आणि तात्यांच्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "व्हय महाराजा!" आमच्याही तोंडात तेच बसलेलं. अख्खी पडवी गरजली, "व्हय महाराजा!"

वहिनी दचकल्या. मग त्यांच्या डोळ्यांत ती जुनी विळीची धार दिसली.

"मंगळावर..."

"व्हय महाराजा!"

"धाडा."

"व्हय महाराजा!!"

"मी... इथंच... बरी!"

आता व्हय महाराजा कोणाला म्हणता येतंय! तात्या खांबाला धरून हसत होते, शेवंतीने पदर तोंडात कोंबला होता. सुलभा आईच्या मांडीत डोकं घालून हसत होती आणि मध्येच रडत होती. "नाही नेत गं, नाही नेत," एवढंच म्हणत होती. भरलेल्या पिशव्या तिने स्वतःच्या हाताने आत नेऊन रिकाम्या केल्या.

नारळ फुटला, खोबरं वाटलं, माणसं पांगली. आप्पा कुठे दिसेनात. बघतो तर विहिरीमागे, हातात खोबऱ्याचा तुकडा तसाच धरून बसलेले. गालांवरून पाणी वाहत होतं.

"टोमणा मारलान रे मला," ते म्हणाले. "दीड वर्षाने. सगळ्यांदेखत मारलान."

त्यांचं रडून होईपर्यंत मी शेजारी बसून राहिलो.