भिंतीकडे तोंड केलेला टीव्ही

मंगळवारी दुपारी गंगूमावशी वारल्या. शेजारीण म्हणून टीव्ही मीच बंद केला. तो भिंतीकडे तोंड करून चालू होता.

याला कारण पिंकी. त्यांची भाची सुमन आणि जावई दिवाळीनंतर आमच्या बोरीहून ऊसतोडीला गेले, तेव्हा ही दीड वर्षांची पोर मावशींकडे राहिली. लहान लेकराला टीव्ही दाखवायचा नाही, हा मावशींचा कायदा. मालिका मात्र त्यांना सुटत नव्हती. म्हणून त्या ती नुसती ऐकत.

ऐकून भागेना की मधल्या भिंतीवरून हाक येई. "बाई, सुनंनं आज काय नेसलंय?"

"हिरवी साडी."

"रडायली का हासायली?"

"रडतेय."

"मंग आवाज हासल्यावानी कामून यायलाय? लय लबाड हाय बघा!"

मी निवृत्त शिक्षिका, संध्याकाळी वाचत बसणारी. त्यांच्यामुळे ती मालिका मला रोज बघावी लागे.

"पोरगी झोपल्यावर बघा की," मी एकदा म्हटलं.

"आन् मधीच उठली म्हंजी?"

पिंकी लवकर जेवत नसे. मावशी वाटी घेऊन अख्खी गल्ली फिरत. कावळा झाला, शेळी झाली, जिंतूरची एसटी झाली, की एक घास. माझ्या फाटकाला वरण लागलेलं असे.

"पाच मिनिटं टीव्ही दाखवा हो, काय बिघडतं?" मी म्हटलं.

त्या पायरीवर बसल्या.

"मीबी तोडीला जायची, बाई. माझा राजू लय रडायचा. म्हणून टीव्ही मीच आणून दिला. सासू दिसभर त्याला म्होरं बसवायची. सा महिन्यांनी आले, ट्रॅक्टरमधून उतरून पळतच आत गेले. त्याच्या म्होरं जाऊन बसले. तर म्हणला, सरक."

एवढं सांगून त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मग त्यांनी पिंकीचं तोंड पदराने पुसलं. "हिच्या मायला आसं कुणी म्हणू नये."

बुधवारी सकाळी सुमन आली. पिंकी माझ्या ओट्यावर भाकरी खात होती. तिने आईकडे बराच वेळ पाहिलं. मग हातातला तुकडा तिच्यापुढे धरला. सुमन तिथेच खाली बसली.

राजू पुण्याहून पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं.

मावशींचे दिवस झाल्यावर सुमन पुन्हा तोडीवर गेली. पिंकी माझ्याकडे आहे.