वाढदिवसाला चाळीस हार

लुंबिनीचा सातवा वाढदिवस समुद्रकिनारी होणार, असं तिच्या आईनं, प्रियदर्शनीनं रविवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा नवऱ्याच्या, आनंदराजच्या कपातला चहा बशीत सांडला. तो महाविद्यालयात ग्रंथपाल होता. अहमदपूरपासून समुद्र किती लांब आहे, हे त्याला नकाशासकट ठाऊक होतं.

"आपण समुद्राकडं जायचं नाही, समुद्र इथं आणायचा," ती म्हणाली. "तिकडं हवाई बेटावर करतात तशी पार्टी. येईल त्याच्या गळ्यात फुलांचा हार, हातात शहाळं, कमरेला गवताचा झगा आणि मग नाच. लुआऊ म्हणतात त्याला."

"पण कशाला?"

कारण होतं. ही कल्पना मुळात लुंबिनीची. मोबाइलवर बघून बघून तिनं तो नाच बसवला होता आणि वर्गात सांगूनही टाकलं होतं. त्यावर पोरी खो खो हसल्या. "तुमच्या नळाला आठ दिवसाला पाणी येतंय, समुद्र कुठून येईल?" पोरगी रडत घरी आली. प्रियदर्शनी ग्रामीण रुग्णालयात नर्स. रडणाऱ्याला धीर द्यायचा की सुई टोचायची, हे ती बघताक्षणी ठरवते. या खेपेला धीर पोरीला द्यायचा आणि सुई गावाला टोचायची, असं तिनं ठरवलं.

शेजारच्या गीतांजलीनं कुंपणावरून विचारलंच, "अवं वहिनी, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं हुतं, अन् तुमी समुद्र आणायलाव?"

"आणायलेच! बघायला या. हार घालू तुमाला बी."

पलीकडं घराचं बांधकाम चालू होतं. तिथली वाळू दोन दिवसांच्या बोलीवर अंगणात आली. सोयाबीन झाकायची निळी ताडपत्री पसरली की समुद्र झाला. हिरव्या सुतळीचे झगे प्रियदर्शनीनं स्वतः गुंफले. राहिले हार. ते काम सासऱ्यांकडं, म्हणजे केरबांकडं गेलं. केरबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सांगितलेलं काम चोख करायचं आणि जास्त बोलायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. घोटाळा झाला तो इथंच.

"चाळीस हार पायजेत शनिवारी," त्यांनी फुलवाल्या माणिकप्पाला सांगितलं.

माणिकप्पानं हातातली सुई खाली ठेवली. "चाळीस? कुणाचा सत्कार हाय, मामा?"

"सत्कार कशाचा? नातीचा वाढदिवस हाय."

"बरं. अन् नारळ?"

"नारळ न्हाई, शहाळी. ती बी चाळीस."

माणिकप्पा गालातल्या गालात हसला. फुलांच्या धंद्यात त्याचे केस पांढरे झाले होते. वाढदिवसाला लागतो केक. हार आणि नारळ एकत्र आले की तो सत्कार, आणि चाळीसांचा आकडा आला की तो सरळ सरळ पक्षप्रवेश. त्यात नगरपरिषदेची निवडणूक तोंडावर. केरबा सांगत नाहीत म्हणजे गोष्ट नक्कीच मोठी, हे त्यानं ताडलं आणि मंडपवाल्या मल्लेशच्या कानावर घातलं. रात्री जेवणं व्हायच्या आत अख्ख्या वॉर्डाला कळलं की आनंदराज निवडणुकीला उभा राहतोय. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मागं सरकून उभा राहिलेला माणूस तो! पण लोकांना एकदा कळलं की कळलं.

शनिवारी दुपारी मल्लेशचा टेम्पो दारात थांबला. त्यातून स्टेज उतरलं, मग लाल सोफा, मग माइक.

"अहो, हे आम्ही सांगितलं नव्हतं," आनंदराज म्हणाला.

"सर, अमृतरावाच्या इरोधात कुणीतरी उभं राहायलंय, हेच लई झालं. माझ्याकून येवढं राहू द्या," असं म्हणत मल्लेशनं डोळे पुसले आणि वायर जोडायला घेतली.

पाठोपाठ हार आले. प्रियदर्शनीनं पोरांच्या गळ्यात बसतील असे नाजूक हार सांगितले होते. माणिकप्पानं झेंडू-शेवंतीचे, मनगटाएवढे जाड हार पाठवले. पोरांच्या गळ्यात घातले तर जमिनीला टेकले असते. प्रियदर्शनीनं कपाळाला हात लावला, पण मागं हटेल तर ती प्रियदर्शनी कसली! तिनं लुंबिनीला झगा नेसवून फाटकापाशी उभं केलं आणि बजावलं, "येईल त्याला हार घालायचा अन् अलोहा म्हणायचं. कुणाला बी सोडायचं न्हाई."

वर्गातल्या पोरी यायच्या आधीच माजी नगरसेवक अमृतराव आले, आणि त्यांच्या मागं त्यांची चाळीसेक माणसं. आनंदराजला बाजूला घेऊन चार शब्द सुनावावेत, या हेतूनं ते आले होते. पण फाटकात लुंबिनी खुर्चीवर चढून हार घेऊन उभी होती. हार दिसला की त्यांची मान आपोआप वाकते. ती वाकली.

"अलोहा!" लुंबिनी ओरडली.

अमृतराव दचकले. "काय म्हणली ही, केरबा?"

"तिकडचा जय भीम हाय, साहेब," केरबा म्हणाले.

अमृतरावांनी जरा विचार केला आणि बेतानं म्हणाले, "अलोहा."

आता गळ्यात हार पडल्यावर मराठवाड्यातला माणूस गप्प बसतो का? अमृतरावांचे पाय थेट स्टेजकडं वळले. "व्यासपीठावरील मान्यवर" इथून सुरुवात झाली आणि वॉर्डातली गटारं, सिमेंट रस्ते, विरोधकांचे डाव असं करत गाडी निघाली. ते बसले तर दुसरा उठला. त्याच्याही गळ्यात हार होता, मग तोही बोलला. मग तिसरा. शहाळीही त्यांच्यातच वाटली गेली. वर्गातल्या पोरी आल्या, वाळूत बसल्या, उठल्या आणि घरी जाऊ म्हणायला लागल्या. "नाच कुठाय गं?" एकीनं विचारलं. लुंबिनीचा ओठ थरथरायला लागला.

प्रियदर्शनीचं डोकं तापलं. "मामा, थांबवा हे. न्हाईतर मी माइक उपटते."

"थांब पोरी," केरबा हळूच म्हणाले. "इतकी वर्सं हा माणूस मतं मागायला गल्लीच्या तोंडाशी उभा राहून परत गेला. आज पैल्यांदा दारात आलाय. आपल्या लेकराच्या हातनं हार घालून घेतलाय. बोलू दे त्याला."

प्रियदर्शनीला ते कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त राग आला. "दारात आला तर आला, मामा. आज मान हिचा हाय. त्याचा न्हाई."

तेवढ्यात लुंबिनी कुणालाही न विचारता स्टेजवर चढली आणि दुसऱ्यांदा बोलायला उठलेल्या अमृतरावांचा सदरा ओढून म्हणाली, "आजोबा, सरका."

"या, या! उत्सवमूर्ती आल्या!" अमृतराव कौतुकानं खाली वाकले आणि त्यांनी माइक तिच्या तोंडाशी धरला. तिनं तो दोन्ही हातांनी काढूनच घेतला.

"सगळ्याला मी हार घातले. मला कुणीच घातला न्हाई. हाराबिगर नाचता येत न्हाई. माझा हार कुठाय?"

हार संपले होते. माणिकप्पानं मोजून चाळीस पाठवले होते आणि ते मान्यवरांच्या गळ्यात पडले होते. अमृतरावांनी मोठ्या मनानं स्वतःच्या गळ्यातला हार काढून पुढं केला. "घे बाळा, माझा घे."

"न्हाई. ह्यो तुमी घातलेला हाय. मला कोरा पायजे."

"घे की गं, साहेब द्यायलेत!" खालून त्यांचा एक माणूस ओरडला. "साहेबाला न्हाई म्हणत्यात का?"

"न्हाई," लुंबिनी माइकमधून म्हणाली. चौकापर्यंत ऐकू गेलं.

केरबा उठले. आयुष्यभर बसमध्ये तिकीट मागण्यापुरताच आवाज काढलेला माणूस! पण आता त्यांना माइक लागला नाही.

"बरोबर हाय तिचं. उतरलेलं अंगावर घ्यायचे दिस गेले, साहेब. आमी लई घेतलं. ती न्हाई घ्यायची. कोरा आणा."

मल्लेशनं उगाचच वायर तपासली. अमृतरावांनी हातातल्या हाराकडं पाहिलं, नातीकडं पाहिलं, आजोबांकडं पाहिलं. मग घसा साफ करून त्यांनी आपल्या माणसाला फर्मावलं, "बघतोस काय? गाडी काढ. कोरा हार आण. अन् तिच्या मापाचा आण."

हार येईपर्यंत माइक लुंबिनीच्या हातात होता, त्यामुळं भाषण कुणालाच करता आलं नाही. चाळीस हारवाले वाळूत पोरींशेजारी मांडी घालून गप्प बसून राहिले. हार आला. प्रियदर्शनीनं तो केरबांच्या हातात दिला आणि त्यांनी तो नातीच्या गळ्यात घातला. घालताना म्हातारा रडला, ते त्यानं लपवलं नाही.

मग लुंबिनी नाचली. निळ्या ताडपत्रीवर हात लाटांसारखे हलवत अशी नाचली की हसणाऱ्या पोरी तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. नाच अर्ध्यात आला तशी तिनं हाक दिली, "हारवाल्यांनी सगळ्यांनी उठायचं!" आणि वॉर्डातले सगळे मान्यवर धोतरं-पायजमे सावरत वाळूत गोल फिरले. गीतांजली कुंपणावर चढून शूटिंग करत होती.

निघताना धापा टाकत अमृतरावांनी आनंदराजला फाटकापाशी गाठलं आणि आवाज खाली घेऊन विचारलं, "सर, खरं सांगा. उभं राहणार हाव का?"

आनंदराजनं मागं वळून पाहिलं. लुंबिनी खुर्चीवर उभी राहून अमृतरावांच्या माणसांना वाळू गोळा करायला लावत होती.

"मी नाही, साहेब," तो नम्रपणे म्हणाला. "पण उभं राहायला एकवीस पूर्ण लागतात, म्हणजे तिला अजून चौदा वर्षं आहेत. तेवढ्यात तुमची काय तयारी करायची ती करून घ्या."