असवले गेनू सावळेराम

आमच्या शाळेचा शिपाई गेनू असवले दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधायचा. डाव्या हातात आमच्या गावाचं, शिनोलीचं, उजव्या हातात लातव्हियाचं. दुपारी बारा वाजता त्याला चहा सांगावा, तर हा आधी उजवा हात डोळ्यांसमोर धरणार आणि म्हणणार, "सर, तिकडं आत्ता कुठं साडेआठ झाल्यात. कालिज उघडलं नसंल." आपल्या चहाचा आणि तिकडच्या कॉलेजचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो सांगायचा.

लातव्हिया नावाचा देश खरोखर आहे, याची मी गुपचूप नकाशात खात्री करून घेतली होती. गावाला तेवढीही गरज वाटली नाही. गेनूभाऊ लातूरच्या कॉलेजातून बाहेरून बसलाय, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. बाहेरून बसणारे आमच्याकडे पुष्कळ असतात, त्यामुळे कुणाला त्याचं नवलही वाटलं नाही.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. तालुक्याच्या गावी, घोडेगावात, पारसशेठनं कापड दुकानाच्या माळ्यावर चार कॉम्प्युटर टाकून 'सायबर' काढलं होतं. शेठ खाली ब्लाऊजपीस फाडत बसायचे आणि वर इंटरनेट चालायचं, म्हणजे वीज असेल तेव्हा. गेनू तिथं शाळेची पत्रं टाइप करून घ्यायला जायचा आणि तिथंच त्याला ती जाहिरात दिसली. घरबसल्या युरोपातली पदवी, तीन वर्षांचा अभ्यास दीड वर्षात, फी पुण्यातल्या साध्या कॉलेजपेक्षाही कमी, आणि नोकरीतल्या अनुभवाला गुण.

मी बी.ए. झालो ते पुण्यात चार वर्षं काढून. तिनाची चार का झाली, तो भाग सोडून द्या. खानावळीतली पातळ आमटी पिऊन, एका खोलीत पाचजण झोपून मी पदवी मिळवली होती. आणि हा बारावी पास माणूस ब्लाऊजपिसांच्या वर बसून दीड वर्षात माझ्या बरोबरीला येणार होता. मला ते सहन होत नव्हतं, हे सरळच सांगतो.

"गेनू, अशा पदव्या वाण्याच्या पुडीसारख्या मिळतात," मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणालो.

"मिळत्यात ना सर," तो कपबशा गोळा करत म्हणाला. "पण सोळा मोडूल लिवाय लागत्यात."

मोड्यूलला तो 'मोडूल' म्हणायचा आणि ते आमच्या कानांत इतकं भिनलं, की आमचे मुख्याध्यापकही वेळापत्रकाला मोडूल म्हणू लागले. कशाचंही काहीही निघालं की गेनू म्हणणार, "ह्ये आमच्या तिसऱ्या मोडूलात हाय." पाण्याची टाकी गळली तरी तिसऱ्या मोडूलात. शिक्षकांची रजेवरून भांडणं झाली तरी तिसऱ्या मोडूलात. त्या तिसऱ्या मोडूलात एवढं सगळं असेल, तर बाकीचे पंधरा कशाला ठेवले होते, कोण जाणे.

अनुभवाच्या गुणांसाठी त्यानं लिहून पाठवलं, की मी बावीस वर्षं शाळेची घंटा वाजवतो. लातव्हियानं त्याला 'वेळेचं व्यवस्थापन' या विषयात सूट दिली. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी मी जेवलो नाही.

आणि त्या वेळेच्या व्यवस्थापनाचं सांगतो. मार्च संपताना एका सोमवारी शाळा तासभर आधीच सुटली. मुलं पळाली, त्यांच्यामागून शिक्षकही पळाले. मी आणि मुख्याध्यापक तेवढे उरलो. झालं होतं असं, की युरोपात उन्हाळा लागला की सगळा देशच्या देश घड्याळ तासभर पुढे करतो. गेनूनंही केलं, पण चुकून डाव्या हातातलं.

"तिकडच्या सरकारनं सांगितलं व्हतं सर," तो मान खाली घालून म्हणाला.

"तू कुठल्या सरकारचा पगार खातोस?" मी विचारलं. मुख्याध्यापक हसले. त्यांना तोही विषय तिसऱ्या मोडूलात असेल असं वाटलं असावं.

त्याच्या इंग्रजीबद्दल बोलायला नको. ते इंग्रजी तो माझ्याकडूनच शिकला होता, असं त्याचं म्हणणं. वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसून वीस वर्षं त्यानं माझे तास ऐकले होते. मुलांनी ऐकले नाहीत, यानं ऐकले. पुढे एकदा त्यानं मला तिकडून तपासून आलेला एक निबंध वाचायला दिला. विषय होता 'बदलाला विरोध करणारा कर्मचारी'. त्यात एका शिक्षकाचं वर्णन होतं, जो बावीस वर्षं त्याच पिवळ्या वहीतून शिकवतो आणि कॉम्प्युटर दिसला की त्याची पाठ दुखते. खाली तिकडच्या प्राध्यापक बाईंचा शेरा होता, की उदाहरण फार जिवंत आहे. मी त्याच्या स्पेलिंगच्या सात चुका काढल्या आणि कागद परत केले. पाठ त्या दिवशी खरोखर दुखत होती.

दीड वर्ष संपत आलं, आणि नेमकी आमच्या संस्थेत लिपिकाची जागा रिकामी झाली. संस्थेच्या सचिवांनी सांगितलं, गेनूनं पदवी दाखवावी, आम्ही त्याला लिपिक करतो. टेबल-खुर्ची, वाढीव पगार, आणि घंटा वाजवायला दुसरा माणूस. गेनूला निवृत्त व्हायला सात वर्षं होती. असा योग पुन्हा येणार नव्हता.

त्याच आठवड्यात तो विद्यापीठाचं पत्र घेऊन माझ्याकडे आला. पारसशेठच्या प्रिंटरवर शाई पुसट झालेली, तरी पहिली ओळ वाचली आणि मी खो-खो हसलो. 'प्रिय मिस्टर सावळेराम,' असं लिहिलेलं होतं.

"गेनू, हे तुझ्या बापाला पत्र आलंय."

झालं होतं असं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर, सेवापुस्तकात, सगळीकडे आडनाव आधी लिहायची पद्धत. यानं फॉर्म भरताना तीन चौकोनांत त्याच क्रमानं लिहिलं, असवले, गेनू, सावळेराम. युरोपात शेवटचा चौकोन आडनावाचा. त्यामुळे दीड वर्ष तिथले प्राध्यापक त्याला बापाच्या नावानं हाका मारत होते आणि यानं एकदाही ओ द्यायचं थांबवलं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं, की प्रमाणपत्रावर आडनाव आधी घेऊन 'सावळेराम असवले गेनू' असं नाव छापतो आहोत. चूक असेल तर आठ दिवसांत कळवावं, नंतर बदल होणार नाही.

"हे सेवापुस्तकाशी जुळणार नाही. लिपिकाची जागा जाईल तुझी," मी म्हणालो. आणि का कोण जाणे, मी स्वतः बसून दुरुस्तीचं पत्र लिहून दिलं. व्याकरणाची एक चूक नव्हती त्यात. माझ्या पिवळ्या वहीचं कोरं पान फाडून लिहिलं होतं.

"आजच सायबरवरून पाठव."

"पाठवतो सर," गेनू म्हणाला आणि पत्राची घडी करून खिशात ठेवली.

महिन्याभरानं प्रमाणपत्र आलं. जाड कागद, सोनेरी शिक्का, आणि नाव तसंच, उलटं. सचिवांनी सेवापुस्तक शेजारी ठेवून पाहिलं आणि म्हणाले, हा सावळेराम आडनावाचा माणूस कोण ते आम्हाला माहीत नाही. जागा दुसऱ्याला गेली. गेनूनं सहाव्या तासाची घंटा दिली आणि पाणी भरायला गेला.

मला संताप आला. जागा गेली त्याची, पण पत्र माझं होतं. शाळा सुटल्यावर मी तडक त्याच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच. रस्त्याच्या कडेला दोन खोल्या, दारात बाजेवर एक म्हातारा बसलेला. डोळे पांढरे झालेले. हे सावळेराम, गेनूचे वडील. मूळचे वर डोंगरातल्या आहुप्याचे, दिसेनासं झाल्यावर गेनूनं खाली आणून ठेवलेले.

"पत्र का पाठवलं नाहीस?" मी दारातूनच विचारलं.

गेनूनं मला बाजूला गोठ्याकडे नेलं. आवाज खाली आणला.

"पयल्या टायमाला खरंच चूक झाली सर. दुरुस्त करणार व्हतो. पण पयलं पत्र म्या घरी वाचून दाखिवलं. मिस्टर सावळेराम म्हणल्यावर म्हातारा उठूनच बसला. पुन्ना वाच म्हनला." त्यानं बाजेकडे पाहिलं. "जलमभर हिरडा येचून डोक्यावर वाहून आणला सर त्यानं. यापारी म्हणायचा सावळ्या, जंगलखात्याचा गार्ड म्हणायचा ए सावळ्या. पोरंसोरंबी सावळ्याच म्हणायची. आख्खं नाव कुणी घेतलंच न्हाई. मिस्टर तर लांबच राह्यलं. मग दर पत्र वाचून दाखवाय लागलो. तुमी पास झालात मिस्टर सावळेराम. तुमचं उत्तर लई चांगलं हाय मिस्टर सावळेराम. त्याला वाटतं, आपलंच शिक्षण चाललंय."

"आणि तुझी जागा?"

"म्या अजून सात वर्षं घंटा वाजवीन. त्याला न्हाईत तेवढी."

दीड वर्षात जे बोललो होतो, ते आठवून मला लाज वाटली.

"कोन हाय रं?" म्हाताऱ्यानं बाजेवरून विचारलं.

"इंग्रजीचं सर आल्यात आबा."

"मंग बरं झालं. गेनूचं इंग्रजी कच्चं हाय. सर, तुमी वाचा जरा त्यो कागद. बराबर लिवलंय का बघा."

गेनूनं पत्र्याच्या पेटीतून प्रमाणपत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हाताऱ्यानं टोपी चाचपून नीट बसवली आणि बाजेवर ताठ झाला. मी वाचायला सुरुवात केली. इंग्रजी, मग मराठी. विद्यापीठाचं नाव, पदवीचं नाव, श्रेणी. प्रमाणपत्रावर नुसतं नाव होतं, त्याच्याआधी मिस्टर वगैरे काही जोडलेलं नव्हतं. तिथं आल्यावर मी उभा राहिलो, घसा साफ केला, आणि 'मिस्टर सावळेराम' असं मोठ्यानं वाचलं.