ओल्गा, गांधीलमाश्या आणि दुसरा नियम

शुक्रवारी दुपारी पावणेदोनला वेंडेल रूडने दार उघडलं आणि आतल्या गांधीलमाश्या जाग्या झाल्या. मोजायला फुरसत नव्हती. खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरलेली होती.

"कुणी केलं हे?" वेंडेल ओरडला. त्याने टेबलावर मूठ आपटली, कॉफीचा कप आडवा झाला आणि कॉफी कीबोर्डच्या दिशेने निघाली. ती त्याने बाहीने अडवली, पण नजर पडद्यावरून हलवली नाही.

दार, खोली आणि गांधीलमाश्या खेळातल्या होत्या. बाही आणि कॉफी खरी होती. काउंटीच्या रस्ते विभागाच्या गॅरेजात, जेवणाच्या खोलीत, फ्रिजशेजारी एक जुना संगणक आहे आणि त्यावर गेली बावीस वर्षं एकच खेळ चालतो. त्यात चित्रं नाहीत. भिंती म्हणजे रेघा, नायिका म्हणजे एक चिन्ह आणि गांधीलमाशी म्हणजे पिवळा, बारका डब्ल्यू. खोल खोल जाणाऱ्या भुयारात उतरायचं, अगदी तळाचा पितळी कंदील उचलायचा आणि जिवंत वर यायचं. मेलं की मेलं. मग नव्या नावाने पहिल्यापासून सुरुवात. मेलेल्यासाठी खेळ एक थडगं काढून दाखवतो. ते छापून फ्रिजच्या दारावर चिकटवायची इथली पद्धत आहे. फ्रिजचा मूळ रंग कोणता होता हे आता कुणाला आठवत नाही.

कंदील घेऊन वर आलेलं आजवर कुणी नव्हतं. या खेपेची नायिका ओल्गा येत होती. कंदील तिच्या झोळीत होता आणि तीनच मजले उरले होते. वेंडेलची ही शेवटची पाळी होती, कारण पाच वाजता तो निवृत्त होणार होता.

"डोरीन," तो मान न वळवता म्हणाला, "तू बघितलं होतंस."

डोरीन पॅकेट ही विभागाची वायरलेस सांभाळते. वेंडेलच्या आधीची पाळी तिची होती. ती मागच्या टेबलावर दही खात बसली होती.

"काय बघितलं होतं?"

"दार उघडून आत बघितलंस. माश्या बघितल्यास. आणि दार लावून उठलीस!"

"माझ्या शंभर चाली संपल्या. शंभरावी दार लावण्यात गेली." तिने चमचा चाटला. "माणसं आधी दाराला कान लावतात. तू धावत सुटलास, लग्नाला उशीर झाल्यासारखा."

"मग सांगायला काय तोंड शिवलं होतं तुझं?"

डोरीनने चमचा भिंतीच्या दिशेने केला.

भिंतीवर पत्र्याची हिरवी पाटी होती. गावांची नावं लिहायच्या पाट्या ज्या पत्र्यावर, ज्या चमकत्या पांढऱ्या अक्षरांत बनतात, तशाच अक्षरांत तिच्यावर चार नियम लिहिले होते. प्रत्येकाला शंभर चाली, मग उठायचं. उठल्यावर पुढच्याला काहीही सांगायचं नाही. सांगितलं तर ती नायिका बाद, कंदील आणला तरी मोजायचा नाही. खेळाची दुसरी प्रत काढून ठेवायची नाही. निवृत्तांना पाळी नाही. हा चौथा नियम आर्विडमुळे करावा लागला होता. तो निवृत्त झाल्यावरही दोन वर्षं रोज थर्मास घेऊन येऊन बसायचा. चारही नियम वेंडेलने केले होते आणि पाटीही त्यानेच बनवली होती.

"बोलले असते तर ओल्गा तिथल्या तिथे बाद," डोरीन म्हणाली. "मग ओरडला असतास की का बोललीस."

"सूड उगवतेयस तू. बर्थाचा."

"बर्थाचं नाव घेऊ नकोस."

बर्था या जुन्या नायिकेचं थडगं फ्रिजवर वरून दुसऱ्या ओळीत आहे. नऊ वर्षांपूर्वी ती अशीच निम्म्याच्या वर आली होती. पुढची जमीन पोकळ वाजते हे वेंडेलने त्याच्या पाळीत ऐकलं होतं. डोरीनने पाऊल टाकलं तेव्हा तो भिंतीकडे बघत माशाचं सँडविच चावत होता. नियमाप्रमाणे तो बरोबरच होता. त्यानंतर डोरीनने त्याच्यासमोर मासा खाल्लेला नाही.

"कीबोर्डकडे बघ," ती म्हणाली. "मी काही तुला चावत नाहीये. त्या चावतायत."

त्या चावतच होत्या. ओल्गा एक पाऊल टाकते तेवढ्यात गांधीलमाशी दोन टाकते, म्हणून पळण्यात अर्थ नसतो. मोकळ्या खोलीत त्या आठ बाजूंनी घेरतात. उपाय एकच: पाठ न दाखवता मागे सरायचं, अरुंद बोळात शिरायचं आणि तिथे उभं राहायचं, म्हणजे एका वेळी एकच समोर येते. धावत दोन घरं आत गेलेल्या ओल्गाला दाराबाहेर काढेपर्यंत तिचा निम्मा जीव गेला. वेंडेल प्रत्येक चालीला एक शिवी हासडत होता. बोळात आल्यावर त्याने कुऱ्हाड चालवायला घेतली.

"ये! ये तू पण! रांगेत या, हरामखोरांनो!"

"रांगेतच येतायत बिचाऱ्या," डोरीन म्हणाली.

पण गांधीलमाशीच्या डंखात विष असतं आणि विषाने ताकद उतरते. ताकद उतरली तसं ओझं जड झालं आणि ओल्गाचे पाय उचलेनात. मारायची तर कुऱ्हाड उचलत नाही, टाकायचं तर एकेक वस्तू टाकायला एकेक चाल जाते, आणि त्या एका चालीत समोरची माशी दोनदा डसते. वेंडेलने चिलखत टाकलं. जास्तीचे बूट टाकले. सुक्या माशांची पिशवी टाकताना तो इतका लाल झाला की डोरीनने दह्याची वाटी खाली ठेवली.

"डॉक्टरने काय सांगितलंय तुला?"

"डॉक्टरला म्हणावं, इथे बस आणि खेळ!"

त्याच वेळी ब्रेना कोस्केला दारात आली. ही विभागाची नवी प्रमुख. येऊन सहा महिने झाले होते आणि आजच्या निरोप समारंभाची तयारी तिनेच केली होती.

"वेंडेल, तुम्ही इथे काय करताय? कमिशनर येऊन बसलेत. केक बाहेर काढलाय. सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

"थांबू देत."

"तो खेळ जरा थांबवा ना."

"थांबलेलाच आहे. मी बटण दाबेपर्यंत यात कुणी हलत नाही."

"कुणी हलत नाही?" ब्रेनाने पडद्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही आत्ता उठलात, केक कापलात, अर्ध्या तासाने परत आलात, तरी हे सगळं असंच असेल?"

"असंच."

"मग चला की!"

"मॅडम, तुझ्या नाकासमोर गांधीलमाशी आहे, पाय उचलत नाहीयेत, जीव अकरा उरलाय, आणि कुणी म्हणतं चला केक खायला. जाशील तू?"

"पण ती हलत नाहीये! तुम्हीच म्हणालात!"

"तिला माहितीये ते. मला पण माहितीये. म्हणूनच घाम फुटलाय!"

ब्रेनाने डोरीनकडे बघितलं. डोरीनने खांदे उडवले. "दोन हजार नऊ साली छपराला आग लागली होती, तेव्हासुद्धा हा चाल पूर्ण करून उठला."

"मी भाषण पाठ केलंय," ब्रेना म्हणाली. आवाज तापला होता. "तुमच्याबद्दल. बावीस वर्षांत तुम्ही कुणाशी बरं बोललात असं एक उदाहरण मी आठवडाभर शोधतेय. केकवर काय लिहायचं यावर इथे दोन दिवस भांडणं झाली. आणि तुम्ही माश्या मारताय!"

"काय लिहिलं शेवटी?"

"नुसतं नाव!"

पलीकडच्या खोलीत वायरलेस खरखरली. डोरीन उठून गेली. लाइल हाकालाचा आवाज भिंतीतून स्पष्ट ऐकू येत होता. तो विभागातला तिसरा खेळाडू, आणि सकाळपासून पडणाऱ्या बर्फात ट्रक घेऊन रस्ता साफ करायला गेला होता.

"डोरीन, मी खड्ड्यात आहे. पुलाच्या अलीकडे. ट्रक आडवा झालाय."

"लागलं का कुठे?"

"मला काही झालं नाही. ओल्गा कशी आहे?"

"आधी सांग, दिवे लावलेस का मागचे?"

"लावले गं बाई! ओल्गा जिवंत आहे का तेवढं सांग. वेंडेलनंतर पाळी माझी आहे!"

"खुर्चीत नसलास तर पाळी पुढच्याला जाते, लाइल. म्हणजे मला."

यानंतर लाइल जे बोलला ते काउंटीच्या वायरलेसवर बोलायला बंदी आहे. ट्रक ओढायला दुसरी गाडी पाठवायची, ती कुठल्या रस्त्याने पाठवायची आणि चूक कुणाची, यावर दोघांचं बराच वेळ वाजलं. तेवढा वेळ डोरीन पडद्यासमोर नव्हती.

वेंडेलसमोर आता शेवटच्या तीन माश्या उरल्या होत्या. त्यातली एक मेली तेव्हा पडद्याच्या अगदी वरच्या ओळीत अक्षरं उमटली: *वर जाणाऱ्या जिन्याकडून जाड गुणगुण ऐकू येते.*

हा खेळ कुठलीही गोष्ट एकदाच सांगतो. पुढचं बटण दाबलं की ती ओळ पुसली जाते, आणि मग ती कुठेच सापडत नाही. वेंडेलने ती दोनदा वाचली. ब्रेना मोबाइलवर कमिशनरना 'आलेच' असं लिहीत होती. जिना बोळाच्या दुसऱ्या टोकाला, वळणापलीकडे होता. पडद्यावर ती वाट मोकळी दिसत होती, कारण ओल्गाला जे दिसत नाही ते हा खेळ काढत नाही. गुणगुण जाड होती, म्हणजे राणी. राणीचा एक डंख आणि फ्रिजवर ओल्गा.

वाट दुसरीही होती. पूर्वेला एक जुनी शिडी होती. लांब, कंटाळवाणी, पण निर्धोक. वेंडेलने ठरवलं: या दोघींना मारायचं आणि शिडीने जायचं. त्याने एक मारली. दुसरीवरचा वार चुकला, परत चुकला, ती डसली. ओल्गाचा जीव तीन. त्याने कुऱ्हाड उचलली आणि शेवटची गांधीलमाशी दोन तुकडे होऊन पडली.

"मेली!" वेंडेल खुर्चीतून अर्धा उठला. "सगळ्या मेल्या! बघ मॅडम, बघ!"

ब्रेनाने चक्क टाळ्या वाजवल्या. मग वेंडेलची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली, जिथे खेळ चाली मोजतो. शेवटचे दोन आकडे शून्य शून्य होते.

त्याच्या शंभर संपल्या होत्या.

डोरीन आत आली, पडदा बघितला आणि थबकली. मेलेल्या माश्यांचा खच, जिवंत ओल्गा, आणि जिन्यापर्यंत मोकळी वाट. "मानलं तुला, म्हाताऱ्या," ती म्हणाली. नऊ वर्षांत तिने त्याला दिलेली ही पहिली शाबासकी होती. "ऊठ आता. लाइल खड्ड्यात आहे. पाळी माझी."

वेंडेल उठला. त्याने तोंड उघडलं. मग त्याने पाटीकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

"काय झालं?" डोरीनने खुर्ची पुढे ओढली. "हरखून बोलती बंद झाली का? घाबरू नकोस, तुझ्यासमोर नेते तिला वर."

बाहेरचे लोक वाट बघून कंटाळले होते. त्यांनी केकच आत आणला, मागोमाग कमिशनर लाकडी मानचिन्ह घेऊन आले. ब्रेनाने घाईघाईने भाषण म्हटलं. टाळ्या झाल्या आणि सगळे वेंडेलकडे वळले. "दोन शब्द बोला," कमिशनर म्हणाले.

वेंडेलने केकचा एक मोठा तुकडा उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला.

"गहिवरून आलंय त्यांना," ब्रेना हळूच म्हणाली.

डोरीनने धावायच्या बटणावर बोट ठेवलं. काळ्या पडद्याच्या काचेत मागे उभा असलेला वेंडेल तिला दिसत होता. गाल फुगलेले, चेहरा रागाने जांभळा, जबडा हलतोय. आणि नजर पडद्यावर नव्हती. तो भिंतीकडे बघत होता.

तिने बोट उचललं.

"वेंडेल," ती म्हणाली, "तू भिंतीकडे का बघतोयस?"

जबडा थांबला.

"बर्थाच्या वेळी पण भिंतीकडेच बघत होतास! काय आहे तिथे जिन्याशी? बोल!"

वेंडेलने केक गिळला. तो गिळायला बराच वेळ गेला. "मी काहीही बोललेलो नाही," तो अखेर गरजला. "एक अक्षर बोललो असेन तर सांग! भिंत माझी आहे, मी बघेन!"

"हे सांगणंच झालं! बाद होईल ती!"

"तू विचारलंस म्हणून बाद होईल! सरळ खेळायचं सोडून माणसाच्या तोंडाकडे काय बघत बसतेस!"

"म्हणजे आहे काहीतरी!"

"मी बोललो नाही!"

कमिशनरांनी मानचिन्ह फ्रिजवर ठेवलं आणि ते निघून गेले. भिंतीकडे बघणं म्हणजे सांगणं होतं का, यावर पाटीत काही नाही. तीन खेळाडूंपैकी दोघं वादात अडकलेली. निवाडा तिसऱ्यानेच करायचा, असं शेवटी ब्रेनाने सुचवलं, आणि ते सुचवल्याबद्दल दोघंही तिच्यावर ओरडली. मग डोरीनने वायरलेसवर लाइलला सगळं सांगितलं.

"कुणीही कशाला हात लावू नका," लाइल म्हणाला. "कोणत्या भिंतीकडे बघत होता ते मला प्रत्यक्ष बघायचंय."

पाच वाजता वेंडेल रूड नियमाप्रमाणे निवृत्त झाला. सव्वापाचला त्याची गाडी आवारातच होती आणि तो फ्रिजला टेकून, डोळे मिटून उभा होता, कारण डोळे कुठे वळवावेत यावरही डोरीनची हरकत होती. ओढगाडी पुलापर्यंत पोचली होती, पण साखळी तुटल्याने दुसरी मागवली होती. ओल्गा बोळात उभी आहे, जीव तीन. पुढची चाल झालेली नाही.