राजपुत्राच्या पाठीला राक्षसीण

सुपनबुरी गावच्या नृत्यशाळेत राजपुत्राच्या पोशाखाला बटणं नसतात. जरीचं कापड अंगावरच घट्ट शिवतात आणि खेळ संपला की उसवतात. म्हणून तेंग दुपारपासून स्टुलावर श्वास रोखून बसली होती. आजवर दर वर्षीच्या खेळात तिच्या वाट्याला जंगलातलं झाड यायचं, तेही मागच्या रांगेतलं. आज पहिल्यांदा राजपुत्र मिळाला होता.

नाच शिकवणाऱ्या समोनबाईंनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, "काही गडबड झाली तर पुढच्या वर्षी परत झाड. आणि जरीला कात्री लावलीस तर झाडसुद्धा नाही."

रंगपटाची खोली ती केवढीशी! तेंगच्या पाठीला पाठ लावून राक्षसीण झालेली वेन केळीच्या पानातला चिकट भात खात बसली होती. आणखी एक पुडी घ्यायला ती मागे रेलली, आणि तेंगचा पोशाख शिवत बसलेल्या पहिल्या वर्षातल्या सायफिननं हाताशी आलं तेवढं सगळं जरीचं कापड मन लावून शिवून टाकलं, दुहेरी दोऱ्यानं.

ढोल वाजला. तेंग उठली. वेनही उठली.

"अगं, सोड ना मला," तेंग म्हणाली.

"मी कुठं धरलंय? तूच ओढतेयस."

सायफिननं वाकून पाहिलं. "ताई, तुम्ही दोघी आता... एकच आहात."

दोरा जरीत पार रुतला होता. कात्री लावायची कुणाची छाती होईना, आणि ढोल काही थांबेना.

पहिलाच प्रवेश राजपुत्राच्या एकटेपणाचा. "या रानात मला कुणी नाही," असं गात तेंग नाचत होती, आणि मागून हिरव्या मुखवट्याची राक्षसीण उलट्या पावलांनी फरफटत येत होती. पुढच्या रांगेतली नूडलवाली मावशी शेजारणीला म्हणाली, "बिचाऱ्याला कळतच नाहीये गं."

लढाईत दोघी नुसत्या गरगर फिरल्या. खरी पंचाईत झाली ती मरणाची. पडद्याआडच्या गायिकांनी गायलं, "राक्षसीण कोसळली."

"पडू नकोस हं," तेंग दातांतून म्हणाली. "तू पडलीस तर मीही पडेन. मग लग्न कुणाचं लागणार?"

"अगं, पण गाण्यात मेलेय मी."

गायिकांनी तिला पुन्हा मारलं, मग आणखी वरच्या पट्टीत मारलं. वेन आपली उभीच. समोनबाईंनी पंख्याआड तोंड लपवलं. तेंगला डोळ्यांपुढं झाडच दिसायला लागलं.

शेवटी राजकन्या झालेली जुम वैतागली. तिला एकदाचं लग्न उरकायचं होतं. पुढं येऊन तिनं मनानंच गायलं, "हिनंच मला वाढवलं हो, सासूबाई म्हणून घरी न्या." झालं, राजपुत्र वरातीत सासूला पाठीवर घेऊन निघाला. टाळ्या काही थांबेनात. मावश्यांनी मोगऱ्याचे हार आणले आणि त्यातले निम्मे राक्षसिणीच्या गळ्यात घातले.

खेळ संपल्यावर बाई आत आल्या. तेंगचा आवाज रडवेला झाला. "बाई, मी झाडच बरी होते."

"गप. विहाराच्या जत्रेची मंडळी भेटून गेली. उद्या त्यांना हाच खेळ हवाय, सासूसकट. राजपुत्र तूच."

तेंगला इतका आनंद झाला की ती हात जोडून खाली वाकली. वेनचे पाय जमिनीवरून सुटले.

"आता उसवा की बाई," ती वरून म्हणाली.

"उद्या परत शिवत बसायला वेळ कुणाला आहे?" दिवा मालवत बाई म्हणाल्या. "कुशीवर झोपा."