मधू कुबलचं गाऱ्हाणं

कॉम्प्युटरसमोर चपला काढून, हात जोडून, खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालणारा प्रोग्रामर तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. त्याच्या प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथही दिली आहे, आणि त्या कामाचा मला दरमहा पगार मिळत असे.

हा मधू कुबल. दोन हजार आठच्या सुमारास मालवणात, एका काकूंच्या माडीवर, आम्ही दोघं शेजारी बसून प्रोग्राम लिहायचो. मच्छीमार सोसायटीचं काम होतं. वादळाचा इशारा आला की समुद्रात होड्या असलेल्या घरांना मोबाइलवर मेसेज जायला हवा. त्यासाठी आमचा प्रोग्राम मुंबईच्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरला इंटरनेटवरून विनंती करायचा, की बाबा, अमक्या नंबरला तमका मेसेज पाठव. अशी विनंती ज्या दारातून करायची त्याला आमच्या धंद्यात एपीआय म्हणतात. मधू त्याला देऊळ म्हणायचा.

विनंती फसली की तिकडून एक आकडा यायचा. मधूकडे प्रत्येक आकड्याचा अर्थ तयार असे. चारशे चार आला, की “देवळाचीच वाट चुकलो रे.” चारशे एक म्हणजे “देव वळखणा नाय.” पाचशे आला की आवाज खाली आणून, “देवाचीच तब्येत बरी नाय, आपण गप रवाया.” आणि काहीच उत्तर आलं नाही, तर मी दहा सेकंदांत नाद सोडायचो. मधू मात्र प्रोग्राममधली थांबायची वेळ गुपचूप वाढवून ठेवायचा. “जबाब येवक येळ लागता म्हणान तो येवचोच नाय, असा नाय.” मग हनुवटीला हात लावून पडद्याकडे बघत राहायचा, आणि उत्तर आलं की हळूच म्हणायचा, “इलो.”

त्या श्रावणात विनंत्या फसायला लागल्या. सकाळी चालायच्या, दुपारी नाही. पुण्याहून आमच्या कंपनीचे मालक, दादा, स्वतः येऊन बसले.

“नारळी पौर्णिमेला होड्या बाहेर पडतील. तोवर मेसेज गेले नाहीत तर सोसायटी काम काढून घेईल. मग हे ऑफिस बंद, आणि तुम्ही दोघं पुण्याला.”

मला मनातून गुदगुल्या झाल्या. मधू मात्र पांढरा पडला.

“पुण्याक माका जमाचा नाय.”

“का रे?”

“थंयच्या बांगड्याक आपण कधी मेलंव ताच आठवणा नाय.”

दादा हसले, पण मधू हसला नाही. चारशे एक येत होता. नाव बरोबर, परवलीचा शब्द बरोबर, तरी देव ओळखत नव्हता. शेवटी मधूनं चपला काढल्या, आम्हाला मागे उभं केलं आणि विनंतीतली ओळ न् ओळ गाऱ्हाण्यात घातली.

“बा देवा म्हाराजा, ही मालवणची लेकरां तुझ्या दारात उभी आसत!”

“व्हय म्हाराजा!” दादासुद्धा रंगात आले होते.

“आज जानेवारीची पयली तारीख...”

“व्हय म्हाराजा!”

मधू गर्रकन वळला. “गाढवांनो, व्हय काय? भायर श्रावण पडता!”

दुपारी गडगडाट झाला की खालच्या काकू धावत येऊन मेन स्विच पाडायच्या. आमची मशीनं जळू नयेत ही माया. पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेल मेला होता, त्यामुळे वीज गेली की घड्याळ काही वर्षं मागे, जानेवारीत जाऊन बसायचं. रात्री ते इंटरनेटवरून आपोआप वेळ जुळवून घ्यायचं, म्हणून सकाळी सगळं ठीक. इतक्या शिळ्या तारखेची विनंती मुंबईवाले परत पाठवत होते. सेल बदलला, तारीख लावली, विनंती गेली.

“इलो,” मधू म्हणाला, आणि खुर्चीत बसून त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. ऑफिस राहिलं.

त्या संध्याकाळी पावसानं त्याची एसटी चुकली, म्हणून मी त्याला स्कूटरवरून मसुऱ्याला सोडलं. इतक्या वर्षांत त्यानं मला घरी कधी बोलावलं नव्हतं. पडवीत खाटेवर त्याचे वडील पडले होते. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांचा आवाज म्हणे ओढ्यापलीकडे जायचा. अर्धांगाच्या झटक्यात तो आवाज गेला. घरात तिसरं कुणी नव्हतं.

मधूनं हातपाय धुतले, वडिलांची उशी नीट केली आणि खाटेशी बसला.

“बा देवा म्हाराजा, आज हापिसात काय झाला...” घड्याळ, काकू, दादा, पुणं, सगळं त्यानं सांगितलं. “आता तुझो झील मधू खंय जाणा नाय. हयच ऱ्हवता.”

आणि थांबला. सवयीनं माझं तोंड उघडलं, तसा त्यानं न बघताच माझा गुडघा दाबला. पागोळ्या गळत राहिल्या. मी दहा सेकंदांत नाद सोडला होता. मधू हनुवटीला हात लावून त्या ओठांकडे बघत होता.

बऱ्याच वेळानं ते ओठ हलले. “व्ह...” एवढंच.

“इलो,” मधू हळूच म्हणाला, आणि चहा ठेवायला उठला.